गर्भनिरोधक गोळी, रक्तदाब आणि मूत्रपिंड

प्रश्न : मी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. वय 33 आहे. मला 9 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा आहे. मुलाच्या वेळी आठव्या महिन्यात माझे बी. पी. वाढले, अंगावर सूज आली आणि मला दवाखान्यात ठेवावे लागले. बाळंतपणानंतर ते उतरले, पुढे कुणी तपासले नाही. गेले वर्षभर मी आशाताईंकडून मिळणारी माला-एन गोळी घेते. घरी विड्या वळते. दिवसभर बसून कंबर धरते, म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज एक, कधी दोन घेते. आमच्या गल्लीतील एक बाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी त्यांच्या किडन्या गेल्या, असे सगळे म्हणतात. सासूबाई म्हणतात, गोळ्या आजच बंद कर. माझे पाय संध्याकाळी सुजतात, लघवीला कधी कधी फेस येतो, त्यामुळे मला भीती बसली आहे. कोल्हापूरला दिलेल्या माझ्या बहिणीला डॉक्टरांनी मुरमांसाठी दुसऱ्या, महागाच्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या आहेत. त्या मी घेऊ का? दवाखान्यात कानडीत बोलताना मी अडखळते, म्हणून तुम्हाला लिहिते.

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या भीतीने तुमची झोप उडालेली दिसते. ज्या स्त्रीचे मूत्रपिंड निरोगी आहे आणि रक्तदाब काबूत आहे, तिचे मूत्रपिंड माला-एनसारख्या गोळीमुळे निकामी होत नाही. मात्र एवढेच सांगून मी तुम्हाला निश्चिंत करणार नाही. तुमच्या पत्रात तीन गोष्टी अशा आहेत की त्यांची तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी : गरोदरपणी वाढलेला रक्तदाब, रोजची दुखण्याची गोळी आणि लघवीचा फेस. सूज आणि फेस एकत्र असताना तपासणी लांबवू नये. तीन-चार दिवसांत ती करून घ्या आणि तोपर्यंत निरोधही वापरा. म्हणजे तपासणीनंतर गोळी थांबवावी लागली, तरी तुम्ही उघड्यावर पडणार नाही.

भीतीपोटी पाकीट अर्ध्यावर टाकून देऊ नका. असे मी का म्हणते, तेही सांगते. गरोदरपणात मूत्रपिंडांवरचे काम पुष्कळ वाढते. ज्या स्त्रीचा रक्तदाब मागच्या खेपेस वाढला होता, तिचा पुढच्या खेपेसही वाढण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा अधिक असते. नको असताना, तयारी नसताना आणि रक्तदाब किती आहे हे माहीत नसताना राहिलेला गर्भ तुमच्या मूत्रपिंडांना या गोळीपेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण गोळी बंद केल्यावर पुढे काय, हे त्या सांगत नाहीत.

आता या गोळीचा आणि मूत्रपिंडाचा संबंध कुठून येतो, ते पाहू. माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतील 21 गोळ्यांमध्ये दोन संप्रेरके असतात : 0.03 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल (हे इस्ट्रोजेन) आणि 0.15 मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल. म्हणून अशा गोळीला मिश्र गोळी म्हणतात. उरलेल्या 7 गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. यातील इस्ट्रोजेन यकृतातून जाते, तेव्हा यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करू लागते. या प्रथिनापासून पुढे जो पदार्थ बनतो तो रक्तवाहिन्या आवळतो आणि शरीराला मीठ व पाणी धरून ठेवायला लावतो. बहुतेक स्त्रियांत शरीर हा फरक सांभाळून घेते आणि रक्तदाब जेमतेम दोन-चार अंकांनी हलतो. थोड्या स्त्रियांत मात्र तो खरोखर चढतो, आणि कुणात चढेल हे चेहरा पाहून ओळखता येत नाही.

मूत्रपिंडाला धोका असतो तो या चढलेल्या रक्तदाबाचा. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात; त्यातील बहुतेक पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. तुमच्या भागात उसाला ठिबक केलेले आहे, म्हणून तिथलेच उदाहरण देते. मोटारीचा दाब प्रमाणाबाहेर गेला, की मोठ्या पाइपाला काही होत नाही. बारीक नळ्यांचे सांधे आधी सुटतात. मूत्रपिंडातील गाळण्या या त्या बारीक नळ्यांच्या जागी आहेत. वर्षानुवर्षे दाब जास्त राहिला तर त्या एकेक करून निकामी होतात, आणि हे सगळे होत असताना कुठे दुखत नाही, खुपत नाही.

म्हणून तुमच्या पत्रातील ज्या वाक्याने मला सर्वात जास्त अस्वस्थ केले, ते डायलिसिसचे नव्हे. "पुढे कुणी तपासले नाही," हे ते वाक्य. आठव्या महिन्यात रक्तदाब वाढून सूज आलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात कायमचा रक्तदाब जडण्याची आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी होण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. तिचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी पाहिलाच पाहिजे, मग ती गोळी घेवो वा न घेवो. तुम्हाला हे बाळंतपणानंतर घरी सोडताना सांगायला हवे होते, आणि गोळी सुरू करताना पुन्हा विचारायला हवे होते. ते झाले नाही, यात तुमचा दोष नाही.

या बाबतीत माझीही एक चूक आहे आणि ती मी विसरलेले नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, गर्दीच्या दिवशी, एका तरुण बाईंना मी गोळ्यांची चिठ्ठी लागोपाठ तीनदा नवी करून दिली आणि तिन्ही वेळा रक्तदाब पाहिला नाही. पहिल्यांदा तो ठीक होता, एवढ्यावर मी विसंबले. चौथ्यांदा त्या आल्या त्या डोके धरून. पट्टा बांधला तर आकडा 170/104 होता. मिश्र गोळी त्याच दिवशी थांबवली, दुसरे साधन सुरू केले, आणि सुमारे तीन महिन्यांत त्यांचा रक्तदाब पूर्ववत झाला. या गोळीने वाढलेला रक्तदाब गोळी थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो, ही दिलाशाची बाब आहे. पण तो वाढला आहे हे वेळेत कळले तरच. त्या दिवसापासून माझ्याकडे पट्टा आधी बांधला जातो आणि चिठ्ठी नंतर लिहिली जाते.

तुमच्यासाठी निकष असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक निकषांप्रमाणे, ज्या स्त्रीचा रक्तदाब पूर्वी केवळ गरोदरपणात वाढला होता आणि आता तो 140/90 च्या खाली आहे, तिला मिश्र गोळी घेता येते; तपासणी मात्र नियमित हवी. वरचा आकडा 140 ते 159 किंवा खालचा 90 ते 99 असेल, तर दुसरे साधन मिळत असताना ही गोळी सहसा घेऊ नये. 160/100 किंवा त्याहून अधिक असेल, तर मुळीच घेऊ नये. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा, सुरू केल्यावर तीनेक महिन्यांनी एकदा आणि पुढे निदान वर्षातून एकदा रक्तदाब पाहावा. तुमच्या बाबतीत मी दर सहा महिन्यांनी पाहायला सांगेन.

रक्तदाब मोजणे सोपे आहे, पण तो घाईने मोजला तर आकडा फसवतो. मागील महिन्यात सांबऱ्याकडून एक भगिनी आल्या. बस चुकेल म्हणून धावत आलेल्या, पिशवी अजून खांद्यावर, बोलता बोलताच त्यांनी हात पुढे केला. आकडा 152/96 आला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना पाठ टेकून खुर्चीवर बसवले, दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवायला सांगितली, पायावर पाय टाकलेला होता तो काढायला लावला, दंड छातीच्या पातळीला येईल असा टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटे गप्प राहायला सांगितले. दुसऱ्यांदा 128/82, तिसऱ्यांदा 126/82. तुम्हीही असेच करा. पट्टा ब्लाऊजच्या घट्ट बाहीवरून बांधू देऊ नका. आधीच्या अर्ध्या तासात चहा घेऊ नका, आणि मिश्री लावत असाल तर तीही लावू नका. तुम्ही पत्रात मिश्रीचा उल्लेख केलेला नाही, पण निपाणी भागात दिवसभर तंबाखूत हात असलेल्या बायकांना विचारल्यावाचून मला राहवत नाही. तंबाखू ओढली, चघळली किंवा भाजून हिरड्यांना लावली, तरी तिच्यातील निकोटिन रक्तात जाते, नाडीची गती वाढते आणि रक्तदाब चढतो. मिश्रीची सवय असेल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता तुमच्या पायांकडे आणि लघवीच्या फेसाकडे येते. दिवसभर मांडी घालून किंवा पाय खाली सोडून बसले, की संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर थोडी सूज येते, चपलेचा पट्टा रुततो आणि रात्री झोपल्यावर ती ओसरते. अशी सूज बहुधा बसण्यामुळे असते, आणि गोळीतील इस्ट्रोजेनमुळे थोडे पाणी साचल्यानेही ती येऊ शकते. मूत्रपिंडाच्या आजारातील सूज बरेचदा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती दिसते, चेहरा भरल्यासारखा वाटतो आणि पायांची सूज रात्रीतून पुरती उतरत नाही. फेसाचेही तसेच आहे. जोराच्या धारेने बुडबुडे येतात आणि क्षणात विरतात. परंतु फेस दाट असेल, पाणी ओतल्यावरही तो टिकत असेल आणि रोज दिसत असेल, तर लघवीतून प्रथिने जात असल्याचा संशय घ्यावा लागतो. डोळ्यांनी पाहून याचा निकाल लावता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

त्यासाठी दोन साध्या तपासण्या पुरेशा आहेत. लघवीतील प्रथिनांची तपासणी, आणि रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ. लघवी पाळीच्या दिवसांत देऊ नका, कारण रक्त मिसळले की अहवाल चुकतो. सकाळची पहिली लघवी उत्तम; सुरुवातीची थोडी सोडून मधली धरावी. क्रिएटिनिनचा आकडा साध्या प्रयोगशाळेतही मिळतो. त्यावरून, वय धरून, मूत्रपिंडे किती गाळतात याचा अंदाज काढतात. गाळण्याचा हा अंदाज 60 च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. एकाच अहवालात आकडा थोडा इकडेतिकडे दिसला म्हणून घाबरू नका, पण तो अहवाल कपाटात ठेवून विसरूही नका.

लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणात जाताना आढळली, तर मात्र मिश्र गोळी लगेच थांबवायची असते, रक्तदाब चांगला असला तरीही. कारण वेगळे आहे. रक्त नको तिथे गोठू न देणारी काही प्रथिनेही लघवीवाटे निघून जातात, त्यामुळे अशा रुग्णांच्या रक्तात गुठळी होण्याची भीती आधीच असते. इस्ट्रोजेन ती आणखी वाढवते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2024 साली आपल्या गर्भनिरोधनाच्या निकषांत दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा विभाग नव्याने समाविष्ट केला, आणि लघवीतून खूप प्रथिने जाणाऱ्या तसेच डायलिसिसवर असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त साधने वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे निरोगी मूत्रपिंडाला गोळी बिघडवत नाही, पण आधीच बिघडलेल्या मूत्रपिंडाच्या बाईला ती चालत नाही. लोकांच्या बोलण्यात या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

तुमच्या गल्लीतील बाईंचे तसेच झाले असेल का, हे त्यांचे कागद पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि गल्लीने ते सांगूही नये. आपल्या देशात मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वात मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. दोन्ही आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने पोखरतात. माणूस डायलिसिसला पोहोचतो तेव्हा सगळे जण मागे वळून कारण शोधू लागतात, आणि बाईने कधी काळी पाळणा लांबवायला गोळ्या घेतल्या असतील तर बोट नेमके तिकडे जाते. त्या बाई आठवड्यातून दोन दिवस खुर्चीला खिळून काढतात. त्यांच्यावर हा ठपकाही का ठेवावा? जुन्या बायकांच्या मनातील भीतीला थोडा इतिहासही आहे. 1960 साली अमेरिकेत ज्या पहिल्या गोळीला गर्भनिरोधनासाठी परवानगी मिळाली, तिच्यात इस्ट्रोजेनचे प्रमाण 150 मायक्रोग्रॅम होते. आज तुमच्या हातातील गोळीत ते 30 आहे. त्या काळातील तक्रारी आजच्या गोळीला जशाच्या तशा लागू होत नाहीत.

आता ज्या गोळीबद्दल तुम्ही सहज एका वाक्यात लिहिले आहे, तिच्याबद्दल मला अधिक लिहायचे आहे. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली, रोज एक, कधी दोन. पुडीत कोणती गोळी असते ते तुम्ही लिहिलेले नाही, पण अशा वेळी बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, आणि पुष्कळदा त्यात आणखी एखादे औषध मिसळलेली गोळी हातात पडते. मूत्रपिंडात रक्त पुरेसे येत राहावे म्हणून शरीर काही द्रव्ये तयार करते आणि त्यांच्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात. या वेदनाशामक गोळ्या दुखणे थांबवतात ते तीच द्रव्ये अडवून. एखाद दिवस, पोटात अन्न-पाणी असताना घेतली तर तरुण, निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. रोज, महिनोन्महिने, उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन घेतली तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटत जातो, शरीरात मीठ-पाणी साचते, पायांवर सूज येते आणि रक्तदाबही वाढतो. तुमची सूज माला-एनमुळे आहे असे तुम्ही धरून चालला आहात. मला या दुसऱ्या पुडीचा संशय अधिक आहे.

ताई, गर्भनिरोधक गोळी आशाताईंनी नोंद करून दिलेली असते, तिच्याबद्दल घरात चर्चा होते, सासूबाई बोलतात. दुखण्याची गोळी मात्र घरात कुणी मोजत नाही. ती आजपासून बंद करा. अगदीच असह्य झाले तर पॅरासिटॅमॉल, 500 मिलिग्रॅमची एक गोळी, तीही रोजची सवय न लावता घ्या. कंबरेचे मूळ कारण तुमच्या बसण्यात आहे. मांडीवर सूप घेऊन पुढे वाकून तासन् तास विड्या वळल्यावर कोणाचीही कंबर धरेल. भिंतीला पाठ टेकून बसा, सूप उंच यावे म्हणून खाली पाट ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाने उठून अंगणात एक फेरी मारा. याने पायांची सूजही उतरते. विड्यांचा हिशेब हजारावर असतो आणि उठले की वळणे कमी होते, याची मला जाणीव आहे, तरीही उठा.

बहिणीच्या गोळ्यांबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे : तुम्ही त्या घेऊ नका. मुरमांसाठी किंवा पाळीच्या तक्रारींसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक महागड्या गोळ्यांत ड्रॉस्पायरिनोन नावाचे संप्रेरक असते. बहिणीचे पाकीट मेडिकलवाल्यांना दाखवून आतील औषधाचे नाव विचारून घ्या. हे संप्रेरक शरीरातील मीठ-पाणी बाहेर टाकते, त्यामुळे अंग हलके वाटते आणि बायकांना ती गोळी आवडते. पण त्याच वेळी ते पोटॅशियम शरीरात रोखून धरते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम सहज बाहेर टाकते. कमजोर मूत्रपिंडाला ते जमत नाही, आणि रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या स्त्रियांना ही गोळी वर्ज्य आहे. रक्तदाबाच्या काही औषधांसोबत, आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्यांसोबतही, हा धोका वाढतो. बहिणीला ती डॉक्टरांनी तपासून दिली असेल तर तिने ती घ्यावी. एकीचे औषध दुसरीने उचलू नये. महाग म्हणजे चांगली, असा गोळ्यांचा हिशेब नसतो.

तपासणीत सगळे ठीक निघाले, तर माला-एन चालू ठेवायला हरकत नाही. आकडे ठीक नसले, तर साधने पुष्कळ आहेत. तांबीत, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीत, संप्रेरक नसते. रक्तदाबाशी, मूत्रपिंडाशी तिचा काही संबंध येत नाही. 380-ए प्रकारची तांबी 10 वर्षे चालते. पाळीला रक्तस्राव थोडा वाढतो, म्हणून अंगात रक्त कमी असेल तर आधी ते पाहावे. सरकारी दवाखान्यात मिळणारी छाया ही गोळीही इस्ट्रोजेनची नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला ती चालू शकते, पण लघवीत दोष निघाला किंवा मूत्रपिंडाचा आजार ठरला, तर छायाही देत नाहीत, हे लक्षात ठेवा; तिला सगळ्यांना चालणारी गोळी समजतात, तसे नाही. अंतरा हे तीन महिन्यांचे इंजेक्शन इस्ट्रोजेनविना असते, तरी रक्तदाब फार जास्त असलेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. तुम्हाला दोन मुले आहेत आणि आणखी नको असतील, तर यजमानांशी त्यांच्या नसबंदीबद्दल जरूर बोला. बिनटाक्याची ती शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, पुरुष त्याच दिवशी घरी येतो आणि अशक्तपणा येत नाही; फक्त पुढचे तीन महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते. सगळ्या गोळ्या, इंजेक्शने आणि तांब्या बाईच्याच अंगावर का, हा प्रश्न मी माझ्याकडे येणाऱ्या यजमानांना नेहमी विचारते.

तपासणीत मूत्रपिंडाचा त्रास निघालाच आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखे औषध सुरू झाले, तर एक गोष्ट विसरू नका. ही औषधे मूत्रपिंड जपतात, पण गर्भाला घातक आहेत. ती चालू असताना खात्रीचे गर्भनिरोधन असलेच पाहिजे. अशा वेळी "किडनीचा त्रास आहे म्हणून कोणतेच साधन नको" हा घरगुती सल्ला सर्वात धोक्याचा ठरतो.

पुढील लक्षणे दिसली तर तपासणीची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा : एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे किंवा डोळ्यांसमोर चमकणे, बोलण्यात किंवा हातापायांत अचानक आलेला कमजोरपणा. लघवी फार कमी झाली, लाल किंवा चहाच्या रंगाची दिसली, तरीही थांबू नका.

राहिला कानडीचा प्रश्न. यात तुम्ही समजता तेवढी अडचण नाही. मूत्रपिंड हा शब्द कानडीतही मूत्रपिंडच आहे. लघवीच्या तपासणीला मूत्र परीक्षे म्हणतात. रक्तदाबाला पाटीवर रक्तदोत्तड असे लिहिलेले असते, पण बोलताना सगळे बी. पी. च म्हणतात. "बी. पी. नोड्री" आणि "मूत्र परीक्षे माडिसबेक्री", एवढी दोन वाक्ये बोललात तरी पुढचे आपोआप होईल. निपाणी-चिक्कोडी भागातील बहुतेक दवाखान्यांत मराठी समजणारे कुणी ना कुणी असते, आणि आशाताई बरोबर आल्या तर फारच उत्तम. हवे तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत चारच गोष्टी लिहून न्या : बाळंतपणात बी. पी. वाढले होते ते साल, माला-एन किती महिने घेता, दुखण्याची गोळी कोणती आणि दिवसाला किती, लघवीला फेस कधीपासून. माला-एनचे पाकीट आणि दुखण्याच्या गोळीचे रिकामे पाकीटही पिशवीत टाका. औषधाचे नाव सांगताना चूक होते, पाकीट दाखवताना होत नाही. बाळंतपणाचा जुना कागद सापडला तर तोही न्या.

सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा. त्यांनी चाळिशी ओलांडली असेल आणि पट्टा कधी बांधला नसेल, तर त्यांचाही रक्तदाब त्याच खुर्चीवर मोजून घ्या. दोघींचे आकडे आणि तुमच्या लघवीचा व क्रिएटिनिनचा अहवाल मला लिहून कळवा. माला-एन पुढे चालू ठेवायची की तांबीकडे वळायचे, हे मग आपण नक्की ठरवू.